सोव्हिएत सैन्याची ३१६वी रायफल (म्हणजे पायदळ) डिव्हिजन १९४१ मध्येच ८वी गार्ड्स झाली, मग १९४३ च्या कागदांत ३१६वी कुठून आली?

तुम्ही वाचलेलं दोन्ही बरोबर आहे. ‘गार्ड्स’ हा लढाईत चांगली कामगिरी केलेल्या तुकड्यांना मिळणारा मानाचा किताब. ३१६ हा आकडा एकामागून एक तीन डिव्हिजनांना मिळाला. पहिली जुलै १९४१ मध्ये अल्मा-अताला उभी राहिली, सेनापती मेजर जनरल पानफिलोव. दुसरी १९४२ ची. ती स्टालिनग्राडच्या उत्तरेला लढली आणि त्याच वर्षी मोडली. तिसरी १९४३ ची, तिला तेम्र्युक शहराचं नाव जोडलेलं असतं. गार्ड्स किताब मिळाला की जुना आकडा मोकळा व्हायचा आणि पुढच्या नव्या डिव्हिजनला चिकटायचा. या तिघींचं एकमेकींशी नातं काहीच नाही.

गोंधळ वाढतो तो रेजिमेंटांमुळे, म्हणजे डिव्हिजनमधल्या लहान तुकड्यांमुळे. रेजिमेंटांचे आकडेही डिव्हिजनच्या आकड्याबरोबर परत वापरले जात. त्यामुळे १०७३, १०७५, १०७७ या रायफल रेजिमेंट आणि ८५७ तोफखाना रेजिमेंट पानफिलोवकडेही होत्या आणि तेम्र्युकवालीतही आहेत. पानफिलोवच्या रेजिमेंटांना पुढे गार्ड्सचे आकडे मिळाले: १०७३ ची १९वी, १०७५ ची २३वी, १०७७ ची ३०वी. पण हे डिव्हिजनचं नाव बदलल्यावर लगेच झालं नाही. म्हणून ८व्या गार्ड्सच्या कागदावर १०७५ दिसली तर ती टंकलेखकाची चूक समजू नका.

शोधताना आधी तारीख बघा, आकडा नंतर. ‘पाम्यात नारोदा’ या युद्धाच्या कागदपत्रांच्या रशियन संकेतस्थळावर रायफल डिव्हिजन ‘एस-दे’ या दोन अक्षरांनी लिहिलेली असते, रेजिमेंट ‘एस-पे’. गार्ड्स असेल तर आधी ‘ग्व’ येतं. ते ‘ग्व’ नजरेतून सुटलं की तुम्ही ८व्या गार्ड्सऐवजी साध्या ८व्या रायफल डिव्हिजनच्या मागे लागता. ती निराळीच.

नोव्हेंबर १९४१ मध्ये तर एकेक दिवस मोजावा लागतो. मॉस्कोजवळच्या दुबोसेकोवोची लढाई १६ तारखेची, गार्ड्सचा हुकूम १८ चा. म्हणजे ‘८वी गार्ड्स दुबोसेकोवोला लढली’ हे वाक्य काटेकोरपणे चूकच. आणि १८ लाच गुसेनेवो गावात पानफिलोव मारला गेला. त्याआधी ऑक्टोबरात वोलोकोलाम्स्कपाशी या डिव्हिजनच्या वाट्याला ४१ किलोमीटरची आघाडी आली होती. नियमपुस्तिकेत एका डिव्हिजनला ८ ते १२ दिलेले.

दुबोसेकोवोचं नाव निघालं की ‘२८ वीर’ आठवतात: पानफिलोवच्या २८ सैनिकांनी तिथे जर्मन रणगाडे अडवले आणि सगळे मारले गेले, अशी कथा. ती कथा वर्तमानपत्राने रचली, असा निष्कर्ष १९४८ मध्ये सोव्हिएत लष्करी सरकारी वकिलांनीच काढला. २८ पैकी दोब्रोबाबिन तर जिवंत सापडला होता, तोही जर्मनांच्या पोलिसात नोकरी करून आलेला. लढाई मात्र खोटी नव्हती. १०७५ चा कमांडर काप्रोव याने त्या चौकशीत सांगितलं की हे २८ जण जिच्यातले सांगितले जातात त्या चौथ्या कंपनीत १२० ते १४० माणसं होती आणि त्यातली शंभराहून जास्त त्या दिवशी मेली.