वडिलांना शुगर आहे आणि ते रोज डायट कोल्ड्रिंक पितात. त्याने खरंच कॅन्सर होतो का?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील साठीचे, वजनही साठेक किलो, काही वर्षांपासून शुगर. चहात गोड गोळी टाकतात, संध्याकाळी साखर नसलेल्या कोल्ड्रिंकची एक बाटली पितात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डब्ल्यूएचओने सांगितलं, डायट कोल्ड्रिंकने कॅन्सर होतो’ असा मेसेज फिरला आणि घरात वाद लागला. आई म्हणते बंद करा, वडील म्हणतात डॉक्टरने साखर सोडायला लावली, आता हेही सोडू तर पिऊ काय. शिवाय तुमचा सहा वर्षांचा मुलगा आजोबांच्या बाटलीतलं मागतो, त्याचं काय करायचं, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. दर्यापूर तालुक्यात माझं मेडिकल आहे, शुगरच्या गोळ्या आणि साखरेऐवजीच्या गोळ्या एकाच कपाटातून विकतो. म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

तो मेसेज खोटा नाही, अर्धा आहे. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, अ‍ॅस्पार्टेमला, म्हणजे डायट कोल्ड्रिंकमधल्या कृत्रिम गोडीला, ‘२ब’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ असा की कॅन्सरशी संबंध असू शकतो, पण पुरावा तोकडा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात बसतो. तंबाखू पहिल्या गटात आहे, म्हणजे तिथे शंकेला जागाच नाही. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, किती प्यायल्यावर काय होईल ते सांगत नाहीत. ते काम दुसऱ्या समितीचं. त्या समितीने, अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या जेईसीएफएने, त्याच वेळी सांगितलं की जुनी मर्यादा बदलायचं कारण दिसत नाही: दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. तुमच्या वडिलांसाठी २,४०० मिलिग्रॅम झाले. डायट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं, तर रोज आठ ते बारा कॅन प्यावे लागतील, तेव्हा कुठे मर्यादा गाठली जाईल. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

सॅकरीन या जुन्या कृत्रिम गोडीचंही असंच झालं होतं. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, अमेरिकेत १९७७ मध्ये बंदीची भाषा झाली, डब्यांवर इशारा छापला गेला. पुढे कळलं की उंदराच्या लघवीत जे खडे धरतात आणि त्यातून जे होतं, ते माणसात तसं होत नाही. २००० मध्ये इशारा काढून टाकला. माझ्या वयाच्या माणसांनी जत्रेत सॅकरीनचे बर्फगोळे खाल्ले, ओठ रंगवले, तेव्हा कुणी मेसेज पाठवला नव्हता!

म्हणून सगळं निर्धास्त आहे असंही नाही. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत कॅन्सर आणि हृदयविकार थोडे जास्त दिसले. आता यातली गोम आपल्याकडचा माणूस लगेच समजेल. ज्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणी जास्त झाली तिथे अळीही जास्त दिसते, पण अळी फवारणीने आलेली नसते, अळी होती म्हणून फवारलं होतं. डायट कोल्ड्रिंक घेणाऱ्यांत आधीपासून वजन असलेले, शुगर असलेले, घरात हार्टचा त्रास असलेले लोक जास्त असतात. संशोधक हिशेबात हे वजा करतात, पण पुरतं वजा होतं याची खात्री कुणी देत नाही. इस्रायलमध्ये मात्र वेगळा प्रयोग झाला, तोही २०२२ चा. १२० निरोगी माणसांना दोन आठवडे वेगवेगळी गोडी देऊन बघितलं. सॅकरीन आणि सुक्रलोज घेणाऱ्यांच्या रक्तात साखर हाताळण्याची पद्धत बदलली, आतड्यातले जिवाणूही बदलले. म्हणजे जिभेवर गोड लागून पोटात काहीच घडत नाही, ही समजूतही बरोबर नाही.

मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने आणखी एक सल्ला दिला: वजन कमी करण्यासाठी या गोडीवर भिस्त ठेवू नका, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. हा सल्ला देताना त्यांनी स्पष्ट लिहिलं की ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही. हे वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मधुमेहींसाठी चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनने आपल्याच पद्धतीचा प्रयोग केला. चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रलोज दिलं, १२ आठवडे. वजन आणि कमरेचा घेर किंचित घटला, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी मात्र जवळपास जिथल्या तिथे. मला हा निकाल खरा वाटतो, कारण काउंटरवर मी तेच बघतो. एक काकाजी दर महिन्याला गोड गोळ्यांची डबी नेतात, आणि त्याच पिशवीत शुगर फ्री बिस्किटांचे दोन पुडे असतात. बिस्किटाचा मैदा कुठे जातो? लग्नाच्या पंगतीत बुंदी दोनदा घ्यायची आणि वर ‘मी डायटवालं घेतो’ म्हणायचं, हेही चालतं. साखर सोडल्याचं समाधान मिळालं की माणूस बाकी सगळीकडे हात सैल सोडतो.

चहाचा हिशेब करून बघा. आपल्याकडे बाहेरचा चहा म्हणजे दूध कमी, साखर भरपूर. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, जवळपास ५० ग्रॅम. डब्ल्यूएचओ दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम म्हणते. तुमच्या वडिलांनी ते ५० ग्रॅम काढले असतील, तर गोड गोळीने त्यांचं भलंच केलंय. साध्या कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटर बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. त्या बाटलीशी तुलना केली तर डायटवाली बरी, यात वाद नाही. पाण्याशी, मठ्ठ्याशी तुलना केली तर नाही.

एक बारीक गोष्ट, जी डबीवर असते पण कुणी वाचत नाही. अ‍ॅस्पार्टेमवाली गोळी चहासोबत उकळायची नाही, उष्णतेने तिची गोडी जाते. चहा कपात ओतल्यावर टाकायची. सुक्रलोजवालीला उकळी चालते. गोडी गेली म्हणून चार-चार गोळ्या टाकणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमचं घर कॅन्सरवर भांडतंय, आणि माझ्या दुकानात डायट कोल्ड्रिंकचा त्रास मी बघितला तो वेगळाच होता. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. शेजारच्या गावचा एक पोरगा वडिलांना मोटरसायकलवर मधे बसवून, मागे दुसऱ्याने धरून, दुकानासमोर घेऊन आला. म्हातारा घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. पोराच्या हातात कोल्ड्रिंकची अर्धी बाटली, काळी, साखर नसलेली. म्हणे, “चक्कर आली ना भाऊ, म्हणून थंडं पाजलं. शुगर हाय ना त्याले, म्हणून डायटवालंच घेतलं.” ग्लुकोमीटरवर आकडा ५२ आला. सकाळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेऊन, भाकर न खाता, म्हातारा वावरात गेला होता.

पोराने प्रेमानेच केलं होतं. पण शुगर पडलेल्या माणसाला त्या बाटलीचा काडीचा उपयोग नाही, कारण तिच्यात साखर नाहीच. त्या वेळी साधं, साखरेचं कोल्ड्रिंक पाजलं असतं तर पंधरा मिनिटांत फरक पडला असता. मी पाण्यात ग्लुकोज कालवून दिलं, म्हातारा सावरला, मग त्याला भाकर खायला लावली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने पडलेली शुगर एकदा सावरून पुन्हा पडू शकते, म्हणून तसंच घरी पाठवायचं नसतं.

तुमच्या वडिलांच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघा. नावात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, किंवा ते इन्सुलिन घेत असतील, तर शुगर पडण्याचा धोका आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर फार कमी. घाम, थरथर, भुकेने कासावीस होणं, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी आली की मशीनवर बघायचं. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, नाहीतर ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, गरज पडली तर परत द्यायचं, मग जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन लावायचा.

आणि पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर साखरेवर विसंबू नका. ही औषधं साखर फुटून रक्तात उतरण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे साखरपाणी उशिरा लागू पडतं. तिथे ग्लुकोजची पावडरच पाहिजे. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या भरपूर चालतात, आणि त्यात व्होग्लिबोज असतं हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. पावडरची छोटी पुडी शेतात जाताना खिशात असावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर घामाने ओली होते.

उन्हाळ्यात हे आणखी गुंतागुंतीचं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चक्कर उन्हाची की शुगरची, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तुमचं गाव खारपाणपट्ट्यातलं आहे असं तुम्ही लिहिलंय. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी घशाखाली उतरत नाही, जारचं पाणी संपलं की हात थंड बाटलीकडे जातो, हे मी रोज बघतो. पण कोला तहानेचं पाणी नव्हे. अमेरिकेत परिचारिकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०११ चा आहे, दिवसाला दोन किंवा जास्त डायट सोडा पिणाऱ्यांत किडनीचं काम झपाट्याने घटण्याचं प्रमाण दुप्पट दिसलं. फवारणीची अळी इथेही आहेच, पण शुगर असलेल्या माणसाची किडनी आधीच धोक्यात असते, तिथे मी ही जोखीम घेणार नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. दातांचंही तेच. साखर नसली तरी कोल्यात आम्ल असतं, रोज घोट घोट घेत बसलं की दातावरचं कवच झिजतं.

मग वडिलांना काय सांगायचं? रोजची एक बाटली, ती दोन-तीन दिवसांनी एक करा एवढंच सांगा. एकदम तोडलं तर ते चोरून साखरेचा चहा घेतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. जेवणासोबत मठ्ठा द्या, जिरं-मीठ टाकून, बीपी असेल तर मीठ बेताने. चहातली गोळी हळूहळू अर्ध्यावर आणा, महिनाभरात जीभ कमी गोडाला सरावते. आईला सांगा की कॅन्सरची धास्ती बाळगायचं कारण नाही, पण भांडायचंच असेल तर सकाळी उपाशी शेतात जाण्यावरून भांडा.

मुलाला ती बाटली देऊ नका. त्याला शुगर नाही, वजन कमी करायचं नाही, मग त्या गोडीचा त्याला फायदा शून्य. शिवाय कोल्यात कॅफीन असतं, संध्याकाळी प्याला की रात्री झोपत नाही आणि तुम्हालाही झोपू देत नाही. तुमच्या घरी किंवा नात्यात कुणा बाळाला जन्मतःच फेनिलकीटोन्युरिया सांगितलेला असेल, म्हणजे अ‍ॅस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येणारा फार दुर्मीळ आजार, तर त्या मुलासाठी अ‍ॅस्पार्टेम पूर्ण वर्ज्य. लेबलवर हे बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. बाकी मुलाने आजोबांकडे हट्ट धरला तर आजोबांनाच लिंबूपाणी करायला बसवा, दोघांसाठी वेगवेगळं: नातवाच्या पेल्यात थोडी साखर, त्यांच्या पेल्यात मीठ.