गाडीच्या एकाच हेडलाइटचा बल्ब वारंवार का जातो?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या गाडीचा उजवा हेडलाइट चार महिन्यांत तीनदा गेला आणि डावा मात्र टिकून आहे, असे आपण लिहिले आहे. या तपशिलातच निम्मे उत्तर आहे. दोन्ही बाजूंचे बल्ब जात असते, तर मी प्रथम अल्टरनेटरकडे (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे) पाहिले असते, कारण इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत आणि व्होल्टेज केवळ ५ टक्के वाढले तरी हॅलोजन बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते.

एकाच बाजूचा दोष बहुधा होल्डरात, अर्थिंगमध्ये (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या वायरीत) किंवा बल्ब बसवण्याच्या पद्धतीत असतो. होल्डर काढून उजेडात पाहावा: प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले असेल किंवा पिना सैल असतील, तर तो बदलल्याशिवाय नवा बल्ब टिकणार नाही. बल्बची स्प्रिंग क्लिप नीट अडकली नसेल, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी फिलामेंट तुटते. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे तेवढाच भाग जास्त तापतो आणि काच तडकते. मागचे रबरी झाकण फाटले असल्यास पाणी आत जाते, तेही पाहून घ्यावे.

सोलापूरच्या उन्हाला दोष देण्याचे कारण नाही, कारण पेटलेल्या बल्बची काच मुळातच कित्येकशे अंशांपर्यंत तापते. कंपनीने ६०/५५ वॉटचा (हाय बीम/लो बीम) बल्ब सांगितला असताना १००/९० वॉटचा मात्र कृपया बसवू नका, त्याने होल्डर आणि वायरिंग जळते.