वार्षिक व्याख्यानाने व्यसन टळते का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे दरवर्षी व्यसनमुक्तीवर एक व्याख्यान होते, खराब झालेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली जातात आणि मुले शपथ घेतात. तरीही वरच्या वर्गांतील काही मुले तंबाखू आणि मद्याकडे वळलेली दिसतात. शाळेने आणखी काय करावे?
– एक शिक्षिका

उत्तर : तंबाखू घातक आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा आधीच ठाऊक आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला उतारवयातील कर्करोगापेक्षा मित्रांच्या घोळक्यात आज एकटे पडण्याची धास्ती अधिक असते, आणि चित्रे पाहून ती धास्ती कमी होत नाही. (शपथविधीचे छायाचित्र वार्षिक अहवालात शोभून दिसते, एवढा त्याचा उपयोग मान्य करावा लागेल.) अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या ‘डेअर’ या शालेय व्यसनविरोधी कार्यक्रमात पोलीस अधिकारी वर्गावर येऊन शिकवत, तो कमालीचा लोकप्रिय झाला, पण पुढील मूल्यमापनांत त्याचा प्रभाव नगण्य ठरल्याने त्याचा अभ्यासक्रम बदलावा लागला.

याउलट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉट्विन यांच्या जीवनकौशल्य प्रशिक्षणात पहिल्या वर्षी सुमारे पंधरा, दुसऱ्या वर्षी दहा आणि तिसऱ्या वर्षी पाच तासिका असतात, आणि त्यांत नकार देण्याचा प्रत्यक्ष सराव करून घेतला जातो. एक विद्यार्थी म्हणतो, “एकदा घेऊन तर बघ, कोणाला कळणार आहे?” दुसऱ्याने मैत्री न तोडता उत्तर द्यायचे असते. पहिल्या खेपेला वर्ग खो-खो हसतो आणि उत्तर देणारा खाली बघत पुटपुटतो. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करवून घेतला की त्याला स्वतःचे शब्द सापडू लागतात. ‘सगळेच घेतात’ हा समजही तपासावा. वर्गात निनावी चिठ्ठ्या भरून घेतल्या, तर न घेणारेच बहुसंख्य असल्याचे बहुधा मुलांना स्वतःलाच दिसते.

ही सुरुवात सहावी-सातवीत, म्हणजे पहिला झुरका किंवा घोट घेण्याच्या वयाआधी व्हावी. तासिका अर्ध्यावर सोडल्यास परिणामही अर्धवटच राहतो. म्हणून वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यापेक्षा रोज भेटणाऱ्या शिक्षकांनाच प्रशिक्षण देणे मला अधिक योग्य वाटते. ज्यांनी आधीच सुरुवात केली आहे, त्यांना मात्र या तासिका पुरणार नाहीत. त्यांना शाळेतून काढण्याची घाई न करता पालकांना विश्वासात घ्यावे आणि समुपदेशकाकडे पाठवावे. कारण शाळेतून काढले की अशा मुलाचा सगळा दिवस त्याच घोळक्यात जातो.