एक तोळ्याची गोळी

प्रश्न : ताई, आम्ही कोलोरॅडोत अरोराला राहतो, ग्रीन कार्ड मिळून चार वर्षं झाली. गेल्या वर्षी शिकारीचा कोर्स केला आणि यंदा ड्रॉमध्ये तिसऱ्या हंगामाचा एल्क मादीचा (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण) परवाना लागला. रायफल जुनी आहे, थर्टी-ऑट-सिक्स. शेजारच्या आजोबांकडून रीतसर कागदपत्रं करून घेतली. त्यांनी सोबत लष्करी काडतुसांची एक पेटीही दिली. दुकानात गेलो तर भिंतभर डबे : १५०, १६५, १८०, २२० ग्रेन, कुणाचं टोक लाल, कुणाचं निळं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एल्कला मॅग्नमच लागते. खरंच नवी रायफल घ्यावी लागेल का? नाहीतर यातला कुठला डबा उचलू? मांस आम्ही घरीच खाणार. घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण डबा निवडायचा तो तिथूनच. त्याच्याकडे येतेच.

आधी मॅग्नमचं, म्हणजे जास्त दारूच्या, जोरकस काडतुसाच्या रायफलीचं. अजिबात घेऊ नका. तुमचं काडतूस १९०६ सालचं आहे आणि तेव्हापासून त्यानं एल्क पडत आलेत. थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम १९६३ साली आली, ती लांबवर जोर टिकवते हे खरं, पण खांद्याला धक्काही तसाच देते. नवख्या माणसाचा चौथ्या-पाचव्या बाराला चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायला लागतो. एकदा ती खोड लागली की जाता जात नाही. आमच्या यजमानांची गेली नाही.

आता ग्रेन, म्हणजे गोळीचं वजन. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे, जुना, इंग्रजांच्या वेळचा ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या ज्या तोळ्यात मोजल्या, तोच. हे एक तोळ्याचं वजन नळीतून सेकंदाला साधारण २,७०० फूट वेगानं सुटतं आणि डब्यावर ऊर्जेचा आकडा छापलेला असतो, २,९०० फूट-पौंडांच्या आसपास. कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी मागतो काय, तर किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), किमान ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड. तुमच्या भिंतीवरचा कुठलाही डबा हे हसत हसत पार करतो. म्हणजे ऊर्जेच्या आकड्यावरून डबा ठरवायचा नाही, तो आकडा कायद्यापुरता.

आजोबांची पेटी मात्र एल्कवर वापरायची नाही. लष्करी गोळी पूर्ण कवचाची असते, ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलोन् मैल चालतं. इथे ती बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. नेमबाजीच्या रेंजवर चालत असतील तर तिथं संपवा. काडतुसं फार जुनी असतील तर त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धुऊन, सुकवून, तेल लावा. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्यातले क्षार नळीला गंज चढवतात.

मग ठरवायचं कशावरून? गोळी कशी बांधली आहे, त्यावरून. हे मी शिकले ते रेंजवर नाही, मांसाच्या टेबलावर. कोलोरॅडोतल्याच क्रेग गावी एका शेडमध्ये मी एकोणीस वर्षं, दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शिकाऱ्यांचं मांस कापलं. कोल्हापूरच्या माहेरी फरा, मांडी, सीना, चाप हे मटणाचे शब्द कानावर होते, म्हणून सुरी धरायला फार वेळ लागला नाही. एल्कची मादी म्हणजे सव्वादोनशे किलोंचं धूड, नर तीनशेच्या वर. अंगावर हिवाळ्याची जाड केसाळ कातडी, ऐन खांद्याला रुंद हाड, त्यामागे फासळ्या, आणि मग कुठे फुप्फुसं. गोळीला इतकं सगळं ओलांडून जायचं असतं.

मांसात सापडलेल्या गोळ्या मी सुपारीच्या जुन्या डब्यात जमवल्यात. समोर ओतून बसले आहे. पहिली, साधी गोळी : आत शिसं, वर तांब्याचं पातळ वेष्टन. १८० ची होती, माझ्या काट्यावर ७१ ग्रेन भरते. वेष्टन केळीच्या सालीसारखं उलटलंय आणि शिसं बहुतेक सगळं गळून गेलंय. कुठं गेलं? मांसात. दुसरी, पार्टिशन. जॉन नॉस्लर नावाच्या माणसानं १९४६ मध्ये कॅनडात मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणावर, गोळी झाडली, ती चिखलानं माखलेल्या जाड कातडीत शिरलीच नाही, म्हणून त्यानं घरी येऊन मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुटतो, मागचा तसाच पुढे घुसत जातो. ही माझ्याकडची १२२ ग्रेन उरली आहे. तिसरी, बाँडेड, म्हणजे शिसं वेष्टनाला चिकटवलेलं : भूछत्रासारखी फुललेली, बरीचशी शाबूत. चौथी नुसत्या तांब्याची, चार पाकळ्या उघडलेली, जास्वंदीसारखी म्हणा. वजन जवळजवळ जसंच्या तसं. या जातीच्या गोळ्या डब्यात अगदी कमी आहेत, कारण त्या सहसा पलीकडून निघून जातात, मला सापडणार कशा?

साध्या गोळीला मी नावं ठेवत नाही. कोर-लॉक्टसारख्या गोळ्यांनी १९३९ पासून किती एल्क पडले याला गणती नाही. १८० ग्रेनची साधी गोळी, बाजूनं उभी असलेली मादी, दीडशे यार्ड, फासळीत नेम : काम होतं. प्रश्न येतो तो हाड लागलं की. माझी दुसरी एल्क अशीच. टू-सेव्हंटी विंचेस्टर, १३० ग्रेनची हलकी गोळी, ३,०६० फुटांचा वेग, आणि मादी जेमतेम पन्नास यार्डांवर तिरकी. मी घाई केली. गोळी खांद्याच्या हाडावर लागली आणि वेग जास्त असल्यानं तिथंच तिचा भुगा झाला. मादी तीन पायांवर अॅस्पेनच्या झाडीत शिरली. दुसरा बार काढला तेव्हा अंधार पडत आला होता. त्या फऱ्यातून खिमासुद्धा निघाला नाही, सगळं काळं, गोठलेल्या रक्तानं बरबटलेलं. मी तो बाजूला फेकला आणि शेडच्या मालकानं माझ्याकडे न बघता फक्त एवढंच विचारलं, "डबा कुठला?" कंपनीचं नाव इथं घेत नाही. चूक तिची नव्हतीच, डब्यावर ढळढळीत साध्या हरणाचं चित्र होतं, एल्कचं नव्हे.

आता तुमची मुलगी. साध्या गोळीचं शिसं फुटून बारीक कणांनी जखमेपासून चांगलं वीतभर, कधी त्याहून लांब पसरतं. डोळ्याला दिसत नाही, दाताला लागत नाही, एक्स-रेवर चांदण्यासारखं दिसतं. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्यानं गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा फेकून द्यायला सांगितला होता, तो याच कारणानं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही, तिथं मुख्य काळजी कॉन्डर गिधाडांची होती. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं सगळ्यात वाईट. मोठी माणसं जखमेभोवती भरपूर कापून टाकतात आणि खातात, मीही खाते. पण नातवंडं आली की डीपफ्रीजमधली वेगळी पाकिटं निघतात, तांब्याच्या गोळीची, वर निळी खूण केलेली.

म्हणून तुम्हाला माझं उत्तर : तांब्याची गोळी, १६५ किंवा १६८ ग्रेन. १८० नको. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि वेग कमी पडतो. तांब्याला फुलायला वेग लागतो. १,८०० ते २,००० फुटांखाली आला की पाकळ्या नीट उघडतीलच असं नाही. १६८ ची गोळी २,८०० च्या आसपास सुटते, तीनशे यार्डांपर्यंत चिंता नाही. त्यापलीकडे तुम्ही पहिल्या वर्षी बार काढणारच नाही, असं मला वचन द्या. मॅच, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेचा, असं लिहिलेला डबा, कागदावर कितीही सुंदर छिद्रं पाडत असला, तरी एल्ककडे नेऊ नका.

पण थांबा, एकच डबा उचलून घरी येऊ नका. रायफलला स्वतःची आवड असते, आणि जुनीला जरा जास्तच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे तांब्याचे डबे आणि एक बाँडेड आणा. आधी नळी अशी घासा की जुन्या तांब्याचा हिरवा-निळा डाग चिंधीवर यायचा बंद होईल. मग शंभर यार्डांवर तीन-तीन बार, प्रत्येक तिनानंतर नळी हाताला गार लागेपर्यंत चहा. जो डबा तीन छिद्रं दीड इंचात घालेल तो तुमचा. तांबं तुमच्या रायफलला मानवलंच नाही तर बाँडेड घ्या, मग जखमेभोवतालचं मांस हात आखडता न घेता काढून टाका.

डबा ठरला की त्याच लॉट नंबरचे आणखी तीन-चार घ्या. नंबर डब्याच्या झाकणावर छापलेला असतो. लॉट बदलला की कधी कधी गोळी दुसरीकडे पडते, आणि हे ऐन हंगामात कळू नये. महाग पडतं, साध्याच्या जवळपास दुप्पट, पण डब्यात वीस काडतुसं असतात आणि एल्कला एक लागतं. बाकीची सरावाला. नेम असा बसवा की शंभर यार्डांवर गोळी दोन इंच वर लागेल, दोनशेला बरोबर येते, तीनशेला आठेक इंच खाली जाते. शेवटची दहा काडतुसं बाकाला टेकून नको, बसून, गुडघ्यावर, थोडं धावून दम लागलेला असताना झाडा. नऊ हजार फूट उंचीवरच्या डोंगरात तुम्हाला बाक कोण देणार?

आणि दुकानातून निघायच्या आधी डबा उघडून काडतुसाच्या बुडाशी कोरलेलं नाव नळीवरच्या नावाशी जुळवून बघा. थ्री-ओ-एट आणि थर्टी-ऑट-सिक्स यांची गोळी एकाच जाडीची, डबे शेजारी शेजारी, आणि काउंटरवरच्या त्या मुलाचा भरवसा मला नाही.

प्रश्न : मी एच-वन-बीवर आहे. मित्रासोबत जाणार आहे, रायफल त्याची. फक्त काडतुसं मी घेतली तर चालेल ना?

उत्तर : "फक्त काडतुसं" असं काही नसतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. एच-फोरवरच्या बायकोलाही. त्याला अपवाद आहे तो चालू मुदतीच्या, इथल्या राज्यानं दिलेल्या शिकारीच्या परवान्याचा. म्हणजे आधी कोर्स, मग परवाना, मग डबा, हाच क्रम. मित्राची रायफल हातात घेण्यालाही तोच नियम. परवान्याची मुदत संपल्यावर कपाटात राहिलेली पाच काडतुसंही त्याच कायद्यात येतात, ती मित्राकडे देऊन टाका. व्हिसाचा मामला आहे, तेव्हा परवान्याचे पैसे भरण्याआधी आपल्या वकिलाला एक मेल टाका.

प्रश्न : ताई, मी सांगलीहून वाचते. एल्क म्हणजे आपलं सांबरच ना? मग तुम्ही त्याला सांबर का म्हणत नाही?

उत्तर : भाऊबंद आहेत, एक नव्हेत. आपलं मोठं नर सांबर वजनात एल्कच्या मादीला सहज भारी पडेल. एल्कचा जवळचा नातलग भारतात शोधायचा तर काश्मीरचा हंगुल. इंग्लंडात मात्र एल्क म्हटलं की लोकांना मूस वाटतो, म्हणून इथले काही जण अमेरिकेतल्या मूळच्या शॉनी लोकांचा शब्द वापरतात, वापिटी. आणि सांबराचं म्हणाल तर भारतातल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते शिकारीतून सुटलंय. चांदोलीला संध्याकाळी पाणवठ्यावर एक पाहिलं होतं, भिजलेलं, कान ताठ, माझ्याकडे बघत. माझ्या हातात तेव्हा फक्त थर्मास होता.