क्रेट घेण्याआधी मापाची टेप काढा
क्रेट, म्हणजे घरात कुत्र्यासाठी ठेवायचा पिंजरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : तीन महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय, नर आहे. घर वन बीएचके. दुकानदार म्हणतो, आत्ताच सर्वांत मोठा, ४८ इंची क्रेट घ्या, म्हणजे पुन्हा खर्च नको. त्याचं ऐकावं का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : एकदाच मोठा घ्यावा हे त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण ४८ इंची बहुधा लागणार नाही. तारेचे घडीचे क्रेट लांबीवर विकले जातात : २४, ३०, ३६, ४२ आणि ४८ इंच. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडोरला बहुतेक वेळा ४२ पुरतो. पिल्लाचे आईबाप दोघंही थोराड असतील तरच ४८चा विचार करा. ४२ इंची क्रेट खाली साधारण ४२ बाय २८ इंच, म्हणजे आठ चौरस फूट जागा खातो. शिवाय दार बाहेर उघडतं, त्याला आणखी दीड-दोन फूट लागतात. पैसे मोजण्याआधी हॉलमध्ये खडूने तेवढा चौकोन आखा आणि दोन दिवस त्याच्या बाजूने वावरून बघा. जागा अडचणीची असेल तर दोन दारांचा घ्या, एक आखूड बाजूला आणि एक लांब बाजूला. मग तो भिंतीला कसाही लावता येतो. फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला किंवा वॉशिंग मशीनला खेटून मात्र ठेवू नका.

पिल्लासाठी खरी महत्त्वाची वस्तू म्हणजे आत बसवायची मधली जाळी, डिव्हायडर. कुत्रं सहसा झोपायच्या जागी घाण करत नाही, पण आत ऐसपैस जागा मिळाली की एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं आणि सवय बिघडते. पिल्लाला उभं राहता यावं, पूर्ण वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी मागे सरकवा. काही दुकानदार डिव्हायडरचे वेगळे पैसे लावतात. तो त्याच मॉडेलचा आहे ना, हे बघून घ्या. दुसऱ्याचा हुकात नीट बसत नाही. आणि तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे शू धरवत नाही. त्यापुढे क्रेटच्या तळाचा ट्रे ओला झाला तर दोष पिल्लाचा नाही.

इतर वाचकांसाठी मापाची रीत सांगतो, कारण जातीवरून माप ठरवणं फसवं असतं, देशी कुत्र्यांच्या बाबतीत तर फारच. कुत्र्याला भिंतीलगत सरळ उभं करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा, शेपूट धरू नका. त्यात चार इंच मिळवले की आतली लांबी आली. उंची कुत्रं बसलेलं असताना घ्या, कारण बरीच कुत्री बसल्यावर डोकं जास्त उंच धरतात. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. त्यातही तीन-चार इंच मिळवा. जाहिरातीतलं माप बाहेरचं असतं, आतून ते इंच-दीड इंच कमी भरतं. तुमचं उत्तर दोन मापांच्या मध्ये आलं तर मोठं घ्या.

प्रश्न : घर वरळीला, समुद्राच्या अगदी जवळ. तारेचा क्रेट वर्षभरात गंजतो असं ऐकलं. त्यापेक्षा ग्रिलवाल्याकडून लोखंडी करून घेतला तर?
— एक वाचक, वरळी

उत्तर : आधी तयार क्रेटचं बघू. गंज तारेवर मध्येच धरत नाही, तो सांध्यांवर सुरू होतो. दोन तारा जिथे वेल्ड केलेल्या असतात तिथलं काळं कोटिंग टवका उडाल्यासारखं दिसलं, तर खाऱ्या हवेत तिथूनच तांबूस डाग फुटणार. दुकानात उजेडात उभे राहून सांध्यांवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं किंवा नखाने कोटिंग निघालं तर तो नग नको. ट्रे प्लास्टिकचा घ्या, पत्र्याचा नको; लघवी आणि दमट हवा मिळून पत्र्याचे कोपरे लवकर खाल्ले जातात. ट्रे पातळ असेल तर मोठ्या कुत्र्याच्या नखांनी तडकतो, म्हणून हाताने वाकवून बघा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ट्रे बाहेर काढून खालच्या तारा कोरड्या फडक्याने पुसा. धुताना साबणाचं पाणी पुरे. वास राहिला तर अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर. फिनाइल वापरू नका, कुत्रं ट्रे चाटतं.

कडी बघायला विसरू नका. मोठ्या कुत्र्याच्या दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या हव्यात. एकच मधोमध असेल तर कुत्रं खालचा कोपरा नाकाने ढकलतं, तार वाकून फट पडते, त्या फटीत डोकं किंवा पंजा घुसतो आणि मागे येत नाही. क्रेटमधल्या अपघातांत हा प्रकार वाईट. दुकानातच दार लावून आतून खालच्या कोपऱ्यावर मूठ दाबा. फटीत दोन बोटं गेली तर दुसरा दाखवायला सांगा. ट्रे सरकून बाहेर येऊ नये म्हणून त्यालाही अटकाव हवा. आणि कुत्र्याला आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचाच, त्याचा हूक जाळीत अडकून फास बसू शकतो.

ग्रिलवाल्याकडून करून घ्यायला हरकत नाही, पण सगळं त्याच्यावर सोडू नका. गजांमधलं अंतर एक इंचाच्या आत सांगा. जास्त ठेवलं तर पिल्लाचा खालचा जबडा मध्ये अडकतो. तळाला गज नकोत, त्याने पंजे फाकतात आणि तळव्यांना घट्टे पडतात. वेल्डिंगचे मणी ग्राइंडरने सपाट करून घ्या. रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट मारून देतो म्हणेल, ते नको. कुत्रं चावतं आणि पापुद्रे पोटात जातात. पावडर कोटिंग करून घ्या. स्टेनलेस स्टील परवडत असेल तर ३०४ ग्रेड मागा. २०२ स्वस्त पडतं, पण समुद्राजवळ त्यावर डाग येतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण साधारणपणे दोन्ही चुंबकाला धरत नाहीत. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. शेवटची गोष्ट, क्रेट अखंड वेल्ड करून घेऊ नका. चार बाजू आणि वरचं झाकण असे पाच भाग नट-बोल्टने जोडणारे असू देत, बोल्टचं गुळगुळीत डोकं आत आणि नट बाहेर. नाहीतर तो लिफ्टमध्येही जाणार नाही आणि घर बदलताना दारातूनही निघणार नाही.

प्रश्न : पग आहे, नऊ किलोचा. हॉलमध्ये जागा नाही, म्हणून प्लास्टिकचा बंद क्रेट बाल्कनीत ठेवायचा विचार आहे.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : कृपा करून हे करू नका. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं, तोंडातला ओलावा वाफ होऊन उडाला तरच थंडावा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत तो नीट उडत नाही, आणि पगचं नाक चपटं, श्वासनलिका अरुंद. त्यात प्लास्टिकच्या डब्यात छोट्या भोकांतून हवा खेळत नाही. मे महिन्यात बाल्कनीतल्या अशा क्रेटमध्ये अर्ध्या तासात जिवावर बेतू शकतं.

तारेचाच घ्या. २४ इंची बहुतेक पगना होतो, पण मोजून घ्या. घरातल्या पंख्याखाली ठेवा. वर चादर टाकायची तर तीनच बाजूंनी, समोरची मोकळी. घोरल्यासारखा मोठा श्वास, चिकट लाळ, गडद लाल किंवा निळसर जीभ दिसली तर लगेच बाहेर काढा, नळाच्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि उशीर न करता डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : दोन वर्षांची देशी कुत्री दत्तक घेतली. आम्ही दोघं बोरिवलीहून चर्चगेटला कामाला जातो, घर नऊ-दहा तास बंद. क्रेटमध्ये ठेवलं तर गज चावते, हिरड्यांतून रक्त आलं. जाड गजांचा क्रेट कुठे मिळेल?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : जाड गजांचा घेऊ नका. आत्ताचा क्रेट वापरणंही थांबवा. गज जाड झाले की तिचे सुळे तुटतील, नखं उपटतील, भीती तशीच राहील. आधी एक करा : जुना मोबाइल व्हिडिओवर लावून बाहेर पडा आणि पहिला अर्धा तास बघा. तुम्ही शेजारी बसलेले असताना ती क्रेटमध्ये शांत राहत असेल आणि तुम्ही घराचं दार ओढून निघाल्यावरच तडफड सुरू होत असेल, तर अडचण क्रेटची नाही, एकटेपणाची आहे. त्यावर डॉक्टर आणि कुत्र्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेला प्रशिक्षक यांच्याकडेच उपाय. क्रेटमध्ये कोंडल्याने हा त्रास वाढतो.

तास मोजा. दिवसाचे दहा आणि रात्रीही आत झोपवलीत तर आणखी आठ, म्हणजे चोवीसपैकी अठरा तास ती क्रेटमध्ये. मोठ्या, सवय झालेल्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार तासांच्या वर ठेवू नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११मध्ये हालचालीपुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे, आणि कायम कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. तुमच्या मनात तसं काही नाही हे पत्रावरून दिसतं, पण तिच्या दिवसाचा हिशेब तोच होतो. दुपारी येऊन फिरवून नेणारा माणूस लावा, आणि एक खोली मोकळी करून दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक बसवा. घराची एक किल्ली शेजारी असू द्या. पावसात लोकल बंद पडल्या की दहाचे चौदा तास होतात, तेव्हा तिला बाहेर काढणारं कुणीतरी जवळ हवं.

प्रश्न : क्रेट आणला, पण कुत्रा आत पाऊल टाकत नाही. आणि आजी म्हणतात, मुक्या जिवाला पिंजऱ्यात घालणं पाप आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आजींना सांगा की दार दिवसभर उघडंच राहणार आहे. आणि खरोखरच उघडं ठेवा. दार आपोआप फिरून खणकन वाजलं की कुत्रा बिचकतो, म्हणून सुरुवातीला ते फडक्याने बाजूला बांधून टाका. खाली रबरी चटई घाला. नाहीतर चाळीच्या लाद्यांवर रात्री क्रेट इतका वाजतो की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. आता जेवणाची ताटली क्रेटच्या बाहेर, दाराजवळ ठेवा. दोन दिवसांनी उंबऱ्यावर, मग आत मध्यावर, मग मागच्या टोकाला. तो शेपूट हलवत आत जायला लागला की खाताना दार नुसतं लोटा, आणि खाऊन होण्याच्या आधीच उघडा. पुढे एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा. बहुतेकांचं इथेच चुकतं : पहिल्या दिवशी चांगला गेला म्हणून दुसऱ्या दिवशी दार लावून बाजारात जातात. कुरकुरला तर क्षणभर गप्प होईपर्यंत थांबून उघडा. घाबरून अंग आपटत असेल तर थांबू नका, लगेच उघडा आणि आदल्या पायरीवर परत या. रागावून आत पाठवलं तर मात्र केलेलं सगळं पाण्यात जातं.

प्रश्न : गणपतीला कुत्र्याला कोकणात नेताना घरातला तारेचा क्रेटच चालेल? आणि वापरलेला क्रेट स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : गाडीत मागची सीट पाडून क्रेट सपाट बसत असेल तर चालेल, पण पट्ट्यांनी गाडीच्या हुकांना घट्ट बांधा. घडीचा तारेचा क्रेट जोरदार धडक सोसत नाही, तो कुत्र्याला पुढे उडी मारण्यापासून आवरतो, इतकंच. घाटात उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या, आणि दर दोन तासांनी थांबा. रेल्वेने न्यायचं तर एसी फर्स्टचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. एसीच्या इतर वर्गांत कुत्रं नेता येत नाही. त्या पेटीत कोकणापर्यंतचा प्रवास गरम आणि गोंगाटाचा होतो, आम्ही तरी सुचवणार नाही.

विमानाचा क्रेट वेगळा, टणक प्लास्टिकचा. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार लांबी म्हणजे नाक ते शेपटीचं बूड अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. चपट्या नाकाच्या जातींना त्याहून दहा टक्के मोठा.

वापरलेला क्रेट घेताना त्यात पूर्वी राहणाऱ्या कुत्र्याचं काय झालं ते विचारा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू वस्तूंवर महिनोन् महिने टिकतो, म्हणून लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी तो घेऊच नका. मोठ्या, लस झालेल्या कुत्र्यासाठी घेतलात तर आधी साबणाने सगळी घाण काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. ट्रे तडकलेला असेल तर त्याच मापाचा नवा ट्रे मिळतो का, ते पैसे देण्याआधी पाहा.