तिहेरी उडीतली ‘सहावी उडी’

दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मॅडमनी विचारलंय: परिपाठात खेळांची माहिती वाचताना एक वाक्य आलं, ‘युलिमार रोहासने टोकियो ऑलिंपिकच्या तिहेरी उडीत सहाव्या उडीत विश्वविक्रम केला.’ त्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तीनच उड्या रायते ना, मंग सहावी कोठून आली?” मॅडमचे पुढचे प्रश्न असे: ही उडी एक धरायची की तीन? तिच्या भागांना मराठीत काय म्हणायचं? आणि उडी ‘मारली’ लिहायचं की ‘घेतली’?

मॅडम, पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं. त्या वाक्यात ‘उडी’ हा एकच शब्द दोन कामांना जुंपलाय. पहिल्या ठिकाणी तो खेळाचं नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘पाळी’ किंवा ‘संधी’. टोकियोच्या अंतिम फेरीत प्रत्येकीला तीन संधी होत्या, त्यातल्या पहिल्या आठ जणींना आणखी तीन. म्हणजे ‘सहावी’ ही शेवटची संधी. व्हेनेझुएलाच्या रोहासनं १ ऑगस्ट २०२१ ला पहिल्याच संधीत १५.४१ मीटरचा ऑलिंपिक विक्रम केला आणि सहाव्या संधीत १५.६७ मीटर गाठून युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सचा १९९५ पासूनचा १५.५० मीटरचा विश्वविक्रम मोडला. या बाईंना शेवटच्या संधीचं वेडच दिसतं. २०२२ मध्ये बेलग्रेडला बंदिस्त स्टेडियममधलं १५.७४ मीटर हे अंतर असंच सहाव्यात आलं आणि २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेतलं सोनंही सहाव्याच उडीनं वाचवलं.

आता हे मी ‘सहाव्याच उडीनं’ लिहिलं, ते तुम्हाला कळलं, कारण आधी खुलासा झालाय. नुसती बातमी वाचणाऱ्याला तो नसतो. म्हणून संधीसाठी ‘प्रयत्न’ हा शब्द राखून ठेवावा. मराठी वर्तमानपत्रांत तो रुळलेलाही आहे. ‘रोहासने तिहेरी उडीत सहाव्या प्रयत्नात १५.६७ मीटर अंतर गाठले’ असं परिपाठात वाचलं असतं, तर तुमच्या विद्यार्थिनीला बोलायला जागाच उरली नसती. ‘तिसऱ्या उडीत’ हा प्रयोग तर सगळ्यात फसवा. तिसरा प्रयत्न की उडीचा तिसरा भाग, हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

एक की तीन, याचं उत्तर ‘तिहेरी’ या शब्दातच आहे. ‘तिप्पट’मध्ये मोजणी असते: भाव तिप्पट झाला, माणसं तिप्पट आली. ‘तिहेरी’मध्ये पदर असतात. अंबाडीच्या वाखाचे तीन पदर एकात एक पिळून दोर वळला, की तो तिहेरी, पण दोर एकच. बातमीतलं ‘तिहेरी हत्याकांड’ घ्या: बळी तीन, कांड एक. (‘एकेरी’चं मात्र वेगळंच झालं. तो एकीकडे बॅडमिंटनच्या कोर्टवर गेला आणि दुसरीकडे कुणाला ‘अरे-तुरे’ करण्यात अडकला.) व्याकरण सोडून खेळाच्या नियमाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. मोजपट्टी एकदाच लागते, ज्या फळीवरून उसळायचं तिच्या रेतीकडच्या कडेपासून रेतीत उमटलेल्या सगळ्यात मागच्या खुणेपर्यंत. मधली दोन पावलं कुठं पडली, याला निकालात काही किंमत नाही. म्हणून एकवचन: ‘मयुखा जॉनीने २०११ साली कोबेच्या आशियाई स्पर्धेत १४.११ मीटरची तिहेरी उडी घेऊन कांस्यपदक मिळवले.’ ‘तिने तीन उड्यांत १४.११ मीटर गाठले’ असं लिहिलं, तर गणिताच्या मास्तरांनी भागाकार करायला घ्यावा.

भागांच्या नावांवर मला जरा जास्त बोलायचंय. इंग्रजीत या खेळाचं जुनं नावच ‘हॉप, स्टेप अँड जंप’ होतं. यातल्या ‘हॉप’ला संस्कृतातून नवा शब्द घडवायची काहीच गरज नाही. ज्या पायावर उसळायचं त्याच पायावर उतरायचं, ही तर आपली लंगडी. लंगडी घालणाऱ्या पोरीनं मधेच पाय बदलला तर ती बाद, तिहेरी उडीतही या पहिल्या भागात पाय बदलला तर फाऊल. त्यानंतरची ‘स्टेप’ म्हणजे ढांग: एका पायावरून उसळून दुसऱ्यावर उतरणं. वावरातली नाली पाणी न तुडवता पार करताना आपण टाकतो ती. शेवटी साधी उडी, दोन्ही पाय पुढं फेकून रेतीत. उजव्यानं सुरुवात केली तर पावलं पडतात उजवं, डावं आणि मग रेती. लंगडी, ढांग, उडी. यात एकही शब्द पोरींना समजावून सांगावा लागत नाही.

साम्य मात्र इथवरच. लंगडीत वर धरलेला पाय टेकला की खेळ संपला. तिहेरी उडीत मागचा मोकळा पाय जमिनीला घासला तरी आता फाऊल धरत नाहीत. एवढं एक मुलींना वेगळं सांगावं लागेल, नाहीतर त्या तो पाय जपण्यातच वेग घालवतील.

हे भाग सुरुवातीपासून असेच होते असंही नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ही स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स कॉनोलीनं दोन लंगड्या आणि एक उडी असा क्रम वापरला होता, आणि तो चालला. बायकांना ऑलिंपिकमध्ये ही उडी मिळायला त्यानंतर शंभर वर्षं गेली. १९९६ ला अटलांटात ती आली आणि क्रावेट्सनंच १५.३३ मीटरनं जिंकली. जागतिक स्पर्धेत तेवढी तीन वर्षं आधी, १९९३ ला स्टुटगार्टला.

तिन्ही भागांना मिळून काय म्हणायचं? ‘टप्पे’. मला हा शब्द इथं फार आवडतो, कारण त्यात पायरीही आहे आणि चेंडूचं जमिनीवर आपटून उसळणंही. आपली पोरं ‘एक टप्पा आऊट’ खेळतात तोच हा टप्पा. ‘दुसऱ्या टप्प्यात ती कमी पडली’ म्हटलं, की ढांग आखूड पडली हे लगेच समजतं. बहुतेकींचं घोडं तिथंच अडतं.

‘त्रिउडी’ मला पटत नाही. संस्कृत ‘त्रि’ला देशी ‘उडी’ चिकटवली की जिभेला अडखळायला होतं. ‘त्रिकूद’ हिंदीतून आपल्या भागात कधीमधी ऐकू येतो. त्याच्याशी माझं भांडण नाही, आपण ‘कुदणं’ रोजच वापरतो. पण लेखी मराठीत ‘लांब उडी’, ‘उंच उडी’ यांच्या शेजारी ‘तिहेरी उडी’च शोभते. मैदानावर सगळे ‘ट्रिपल जंप’ म्हणतात, ते म्हणू द्या. फळ्यावरही रेतीला उगाच ‘वाळू’ करू नका. पुस्तकात वाळू असेल, पण आपल्याकडे ट्रॅक्टरमधून खड्ड्यात पडते ती रेतीच.

क्रियापदाचं म्हणाल, तर बोलण्यात ‘मारली’, बातमीत ‘घेतली’, दोन्ही शुद्ध. अंतर सांगायचं असेल तर ‘घेतली’ जास्त बरं बसतं: ‘१३ मीटरची उडी घेतली.’ ‘टाकली’ मात्र वरून खाली जाणाऱ्या उडीचं क्रियापद आहे, पोरं पुलावरून नदीच्या डोहात टाकतात ती. तिहेरी उडीत रेती फळीच्याच पातळीला ठेवायची असते, त्यामुळे इथं ते चालणार नाही.