दुपारची गोळी लागू का पडत नाही?

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत, त्यांना कंपवात आहे. मेंदूत डोपामिन कमी पडतं म्हणतात, मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? लेव्होडोपाची सकाळची गोळी चांगली लागू पडते, दुपारी जेवून घेतलेली पडत नाही. मळमळही होते.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून फटच राहत नाही. हाच रक्त-मेंदू अडसर. लेव्होडोपाची घडण मात्र प्रथिनांतल्या अमिनो आम्लांसारखी, त्यामुळे त्या आम्लांना आत नेणारे वाहक त्यालाही नेतात. आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

दुपारचं कोडं यातच आहे. तुरीचं घट्ट वरण, झुणका पोटात गेला की त्यातली अमिनो आम्लं त्याच वाहकांवर गर्दी करतात, आधी आतड्यात, मग मेंदूच्या दारात. गोळी मागे राहते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, पाण्यासोबत द्या, दुधासोबत नको. रिकाम्या पोटी मळमळलं तर मूठभर मुरमुरे चालतील. वरण बंद करू नका, बाबांचं वजन उतरेल. दुपारी भाजी-भाकरी ठेवा, वरण रात्री वाढा. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत २ तासांचं अंतर हवं.

आता मळमळ. गोळीची पट्टी पाहा. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. कार्बिडोपा अडसर ओलांडत नाही, आणि तेच त्याचं काम सोपं करतं : लेव्होडोपाचं बाहेरच्या बाहेर डोपामिन होऊ देत नाही. बाहेर झालेलं डोपामिनच मळमळ आणतं. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. ११०च्या तीन गोळ्यांत ३०च मिळतं. डॉक्टरांना हे नक्की विचारा, स्वतः गोळी बदलू नका.

ओकारी थांबवायला बरेचदा मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं जातं. ते अडसर ओलांडतं आणि मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतं. बाबा आणखी आखडतील. डॉम्पेरिडोन बहुतांशी बाहेरच राहतं, पण हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. चक्करेवरचं सिनारिझिन आणि ओकारीवरचं प्रोक्लोरपेराझिनही टाळायचंच. ‘कंपवात आहे, ही औषधं नकोत’ असं लिहून तिन्ही नावांची चिठ्ठी बाबांच्या खिशात असू द्या.

कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवेल. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखर असतं, पण किती ते दर खेपेला वेगळं, आणि सोबत कार्बिडोपा नाही. चालू गोळीवर ते चढवलं तर मात्रा वाढते, हात-पाय आपोआप वळवळू लागतात, भास होऊ शकतात. घेत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि गोळी एकदम बंद करू नका : अंग ताठून जोराचा ताप येऊ शकतो, तसं झालं तर लगेच दवाखाना गाठा.